टेबल संपलं तेव्हा

सासूबाई कॉम्प्युटर शिकत होत्या. पडद्यावरचा बाण फोटोंच्या फोल्डरकडे निघाला होता आणि त्या जीव मुठीत धरून माऊस पुढे सरकवत होत्या. बाण अर्ध्या वाटेवर असतानाच इकडे टेबल संपलं.

"अगं, टेबल जरा सरकव ना," माऊस कडेला घट्ट धरून त्या म्हणाल्या.

मला हसू आवरेना. "आई, माऊस उचला आणि परत मध्ये ठेवा."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?"

"उचलून तर बघा!"

उतू जाणारं पातेलं उतरवावं तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. बाण होता तिथेच होता. त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "बघ, हलत नाही हं!"

मी रोज शंभरदा माऊस उचलते, पण त्यातली गंमत मला कधी दिसलीच नव्हती. जागा संपली म्हणून हात मागे आणावा लागला, तरी कापलेलं अंतर कापलेलंच राहतं.

गेल्या वर्षी गावचं घर बंद करून त्या आमच्याकडे आल्या. चाळीस वर्षं स्वतःचं स्वयंपाकघर चालवलेली ही बाई तेव्हापासून रोज मला विचारते, "चहा टाकू का गं?"

फोल्डर उघडलं. पहिलाच फोटो गावच्या अंगणाचा होता. त्यांनी तो डोळे भरून पाहिला, चष्मा पुसला आणि त्या उठल्या.

"बस तू," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."