दादानं लिहिलेला मतदारसंघ

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. दादाचा मुलगा म्हणाला, "आत्त्या, आबा गेले." मी "बरं" म्हटलं, हातातली जुडी निवडून संपवली, हात धुतले आणि मग पलीकडच्या गल्लीत भावाच्या घरी गेले. याला आता दीड महिना झाला. तेवढ्यात दोन शोकसभा झाल्या. दोन्हीकडं दादाला 'उपनगरचा इतिहासकार' म्हणून हार घातले. तिसऱ्या सभेत बहीण म्हणून मी बोलावं, असा निरोप आला होता. मी गेले नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात... मला ते जमायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

कोल्हापूरच्या वेशीबाहेरच्या आमच्या वसाहतींना एकेकाळी स्वतःचा खासदार होता, हे आताच्या पोरांना सांगून पटत नाही. फौंड्रीत जाणाऱ्यांच्या चाळी, नव्या कॉलन्या आणि त्यापलीकडची उसाची गावं मिळून उपनगरचा लोकसभा मतदारसंघ होता. पुढं फेररचनेत तो मोडला. अर्धा शहराला जोडला, अर्धा ग्रामीणला, आणि नवी हद्द नेमकी दादाच्या आणि माझ्या गल्लीच्या मधून गेली. मतदारसंघ होता तोवर दादा दूध डेअरीत नोकरी करायचा आणि डेअरी सुटली की खासदारांच्या कचेरीत बसायचा. खासदार बदलले, पक्ष बदलले, दादाची खुर्ची बदलली नाही. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा दाखला, सगळं तो करून द्यायचा, हे खरं आहे. पण ज्याचं काम केलं त्यानं जन्मभर मान खाली घालून वागावं, ही त्याची अपेक्षा असायची. घरातही तेच.

मी तेव्हा शिवणाचा क्लास चालवत होते. त्या वर्षी टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि क्लासला येणाऱ्या बायका घागरी रांगेत लावूनच यायच्या. खासदार पाण्यावर बोलायला तयार नव्हते. निवडणूक लागली तशी एकजण म्हणाली, "बाई, तुमीच उभ्या ऱ्हावा की!" सगळ्या हसल्या, मीही हसले. आठ दिवसांनी मात्र मी खरंच अर्ज आणला. अपक्षाला दहा सूचकांच्या सह्या लागतात. नऊ झाल्या आणि दहावी बाई नवऱ्याच्या भीतीनं मागं सरली. तेव्हा माझी वहिनी, म्हणजे दादाची बायको, हातातलं ब्लाऊजपीस बाजूला ठेवून म्हणाली, "आणा हिकडं. धावी माझी." चौथीपर्यंत शिकलेली बाई. जीभ दातांत धरून तिनं एकेक अक्षर काढलं.

छाननीच्या दिवशी कलेक्टर कचेरीत खासदारांच्या बाजूनं दादाच बसला होता. माझं नाव पुकारल्यावर तो उठला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "साहेब, हरकत हाय. एका सूचकाची सही खोटी हाय." मग दारातून वहिनीला आत आणलं. अधिकाऱ्यानं अर्ज पुढं धरून विचारलं, "ही सही तुमची का?" तिचा पदर घट्ट ओढलेला होता. ती म्हणाली, "न्हाय. माझी न्हाय."

अर्ज बाद झाला. त्याहून वाईट पुढं झालं. क्लासच्या बाईनं खोट्या सह्या केल्या, असं वसाहतभर झालं आणि माझा क्लास रिकामा होत गेला. मी दादाच्या दारात जाऊन विचारलं, "सही वहिनींचीच होती, हे तुला माहीत नव्हतं?"

"म्हायती हुतं की," तो शांतपणे म्हणाला. "पण माझीच बायकू माझ्या मानसाच्या इरोधात जातीया, ह्ये साऱ्या गावानं बघायचं हुतं व्हय?"

पुढची निवडणूक यायच्या आत मतदारसंघच मोडला, त्यामुळं मला दुसरी संधी मिळाली नाही. निवृत्त झाल्यावर दादानं त्या मतदारसंघाचा इतिहास लिहायला घेतला. गावोगाव मोटारसायकलवर फिरला, म्हाताऱ्यांना बोलतं केलं. पुस्तक मेहनतीचं आहे, हे मी नाकारत नाही. पण त्यात एक वाक्य आहे: 'या मतदारसंघातून एकही स्त्री उभी राहिली नाही.' मी पुस्तक घेऊन गेले आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "बाद झालेला अर्ज म्हंजे उमेदवारी न्हवं. नियम हाय." आणि आत बघून ओरडला, "हिला चा टाका गं!" मी चहा न घेता उठले. त्यानंतर आम्ही बोललो ते लग्नात आणि मयतीत, तेही गर्दीपुरतं.

गेल्या आठवड्यात वहिनीनं बोलावून घेतलं. दादाच्या खोलीत पहिल्यांदाच आम्ही दोघीच होतो. ती पटकन म्हणाली, "वन्सं, सही माझीच हुती."

"माहीत आहे, वहिनी."

"म्हायती हाय, म्हणूनच तुमास्नी त्वांड दावाय नको वाटायचं." एवढं बोलून तिनं कपाट उघडलं. आत मोडलेल्या मतदारसंघाच्या शेवटच्या मतदारयाद्या होत्या, गठ्ठेच्या गठ्ठे. पेपरात किंवा गल्लीत कुणाच्या मयताची बातमी कळली की दादा यादी काढायचा आणि लाल पेन्सिलीनं ते नाव खोडायचा, म्हणे. शेवटच्या आजारातही. ज्या याद्यांवर आता कुणी मत देणार नव्हतं, त्या हा माणूस दुरुस्त करत बसायचा. पानंच्या पानं लाल झालेली. त्यात माझी आई होती, माझे मिस्टर होते, क्लासला येणाऱ्या चार-पाच बायका होत्या. सगळ्यांवर पट्टी लावून मारल्यासारखी सरळ रेघ.

वहिनीनं तिच्या गल्लीचं पान काढून दादाच्या नावाखाली बोट ठेवलं. "एवढं ऱ्हायलंय. तुमी मारा."

मी पेन्सिल घेतली, नावावर टेकवली... आणि परत ठेवली. माया दाटून आली म्हणून नव्हे. त्याच्या यादीत एक तरी चूक राहू दे, असं वाटलं.