साडेआठ तासांची टेस्ट

अमेरिकेत अर्विंगला आमच्या समोर राहणारे काका आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. रिटायर झाले, पण खोड गेली नाही. चहाचासुद्धा एक घोट घेऊन, थोडं थांबून, मगच ‘पास’ म्हणायचे.

काकूंना ग्रँड कॅन्यन बघायचं होतं. झोपताना त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागायचं, म्हणून काकांनी आत झोपायची सोय असलेली कॅम्पर व्हॅन घेतली. मशीन रात्रभर, निदान आठ तास चालायला हवं; तिच्या जुन्या बॅटऱ्यांवर ते चारच तास चालायचं. मग लिथियमच्या मागवल्या. त्या आल्या, तर चार्जर बदलायला हवा. चार्जर आला, तर केबल बारीक पडली.

“अहो, मोटेलमध्ये राहू की,” काकू दारातून म्हणायच्या.

“टेस्ट झाल्याशिवाय निघायचं नाही!” काका व्हॅनमधूनच ओरडायचे. मी खिडकीतून ऐकून हसायचो.

मार्चमध्ये काकू गेल्या.

त्यानंतर महिन्याभराने, एका रविवारी संध्याकाळी, काकांनी मला हाक मारली. व्हॅनमध्ये ऑक्सिजनचं मशीन चालू होतं. त्याची नळी रिकाम्या उशीवर नीट ठेवली होती. काका सकाळपासून समोर बसून दर अर्ध्या तासाला वहीत व्होल्टेज लिहीत होते. मी टेकलो न टेकलो, तोच मशीन बीप करून बंद पडलं.

“साडेआठ तास,” ते म्हणाले. “पास.”

काकांनी पान उलटलं, पेन सरसावलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, “आता पुढची टेस्ट कुठली लावू?”