उलटा चावा

मी रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की माझ्या जिवाला चैन पडत नाही. लग्नपत्रिका हातात आली की मी आधी तिच्यातल्या चुका बघतो, मग मुहूर्त. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याला माझी मराठीच जबाबदार आहे.

मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती. तिच्या बालवाडीत दातांच्या डॉक्टरीणबाई येऊन सगळ्या मुलांचे दात तपासून गेल्या आणि दप्तरातून एक चिठ्ठी घरी आली. तिच्यावर एवढंच होतं: 'चावा – उलटा. पालकांनी भेटावे.' बायको चार दिवस राजापूरला माहेरी गेली होती, त्यामुळे अर्थ लावायचं काम माझ्याकडे आलं. मला तो लावायला वेळ लागला नाही. उलट उत्तर, उलट तपासणी, तसाच उलट चावा. म्हणजे हिला कोणीतरी चावलं आणि ही उलटून त्याला चावली. 'उलटा' हे रूप मात्र मला खटकलं, म्हणून लाल पेनने मी त्यातला काना खोडला.

मग चौकशी सुरू केली. कोणाला चावलीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, कोणालाच नाही. मी आवाज चढवला नाही. शिक्षक करतात ते केलं, तोच प्रश्न शांतपणे पुन्हा पुन्हा विचारला. जेवताना विचारला, आंघोळ घालताना विचारला, भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला नेलं तेव्हा तिचा वाळूचा डोंगर थांबवून विचारला. पाचव्या की सहाव्या खेपेला तिने कंटाळून शेजारच्या गल्लीतल्या, दोन वेण्या घालणाऱ्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. सत्य बाहेर काढल्याचं मला मोठं समाधान वाटलं. वर मी तिला बजावलं, "चावणारं तोंड बंद ठेवायचं असतं."

दुसऱ्या दिवशी फणसपोळीचा डबा घेऊन मी तिला त्या मैत्रिणीकडे माफी मागायला नेलं. मुलीने मान खाली घालून "सॉरी" म्हटलं. मैत्रिणीचं सगळं लक्ष डब्याकडे होतं. तिच्या आईने मात्र घाबरून लेकीचे हात, पाय, पाठ सगळं तपासलं. कोपराजवळ एक लाल ठिपका होता, त्याच्याकडे मी गंभीरपणे बोट दाखवलं.

"अवो सर, ह्यो डासाचा हाय," ती म्हणाली.

मी पुरावा म्हणून चिठ्ठी पुढे केली. तिने ती वाचली, आत गेली आणि आपल्या लेकीची चिठ्ठी आणून माझ्या हातात दिली. त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'चावा – बरोबर.'

"तोंड मिटल्यावर वरचे-खालचे दात कसे बसतात, त्येला चावा म्हनतात. डॉक्टरीणबायने सांगितलान ना मीटिंगला. तुमी आला नव्हता काय?"

मी गेलो नव्हतो. त्या वेळी मी शुद्धलेखन स्पर्धेचे पेपर तपासत होतो.

खरं तर चिठ्ठीशिवायही मला कळायला हवं होतं. आंबोळी ती पुढच्या दातांनी कधीच तोडायची नाही, तोंड वाकडं करून दाढेखाली धरून ओढायची. इतरांचे वरचे दात खालच्यांच्या पुढे येतात, हिचे खालचे वरच्यांच्या पुढे यायचे. त्याने हनुवटी जराशी पुढे दिसायची. ती मी पाहुण्यांना 'करारी' म्हणून दाखवायचो आणि माझ्यावर गेलीय, असंही सांगायचो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझा खोडलेला काना पाहिला आणि चिठ्ठी बाजूला ठेवली. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून दुर्लक्ष करायचं नाही, असं त्यांनी मला समजावलं. जबडा वाढतोय तोवर बरंच काही करता येतं. फक्त आधी बघायला हवं, की पुढचे दात एकमेकांना अडतात म्हणून ती जबडा पुढे सरकवते, की जबडाच पुढे आहे. त्यासाठी तिने तोंड उघडणं भाग होतं, आणि ती काही केल्या उघडेना. मी समजावलं, विनवलं, आइस्क्रीम कबूल केलं. शेवटी तिने मला खाली वाकायला लावलं आणि कानात सांगितलं, "चावणारं तोंड बंद ठेवायचं असतं."

वाक्य माझंच होतं, व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष. मला तिथे इतकी लाज वाटली की डॉक्टरीणबाईंकडे बघवेना.

त्याच म्हणाल्या, आधी बाबांचं बघू. मी खुर्चीत आडवा झालो. दाढा मिटायला सांगून त्यांनी माझे ओठ बाजूला केले, इतकी वर्षं जपलेली मिशी बोटाने वर केली आणि म्हणाल्या, "तुमचाही उलटाच आहे."

करारीपणाचा उगम सापडला. मुलगी टाचा उंचावून माझ्या तोंडात बघत होती.

"बाबा, तू कोणाला चावलास?"

डॉक्टरीणबाईंचा आरसा तोंडात होता म्हणून मला विचार करायला थोडा वेळ मिळाला. त्यांनी तो काढल्यावर मी म्हटलं, "तुला."

तिला ते पटलेलं दिसलं. "मग सॉरी म्हण," ती म्हणाली. "आणि फणसपोळी पण दे."

मी सॉरी म्हटलं, फणसपोळी कबूल केली आणि खुर्चीतून उतरलो. ती खुर्चीत चढली आणि तिने तोंड उघडलं.