देवरावकाकांचा माल

सौंसरला आमच्या शेजारचे देवरावकाका गाडी धुवायला निघाले, की वाटावं, ऑपरेशनची तयारी चालली आहे. अंगणातल्या स्टुलावर शांपू, पॉलिश, मेण, आत काय आहे हे काकांनाही ठाऊक नसलेल्या चार बाटल्या आणि बाळाच्या दुपट्याहून मऊ फडकी. गाडी मात्र साधी, पांढरी, जवळच्या रामाकोन्यापलीकडे फारशी न गेलेली. काकांचा संत्र्यांचा व्यापार. फळाला मेण लावून चमकवण्यात जन्म गेला, त्यामुळे मत पक्कं. मी शाळेत शिकवतो, म्हणून ते मला रोज शिकवत. "माल पाहा मास्तर, माल! हाताले कोण विचारते? मेण चांगलं असलं तं माकडानं लावलं तरी संत्रं चमकते."

एवढा माल जमवायचं कारण बॉनेटवर होतं. गाडी आली त्या दिवशी लीलाकाकूंनी तेलात कुंकू कालवून बोटानं स्वस्तिक काढलं होतं. डावी भुजा जरा लांबच झाली. पूजेचं म्हणून ते कुणी पुसलं नाही आणि उन्हाळाभर उन्हात राहून ते रंगात मुरलं. "तुमच्या काकूनं नव्या गाडीले गोंदून ठेवलं," काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नागपूरहून सारख्या नव्या बाटल्या येत, रविवारभर तो डाग घासणं चाले, आणि संध्याकाळी खापर बाटलीवर फुटे. "मालच बोगस निघाला!"

काकू ओसरीतून म्हणत, "बाटल्या बदलून काय करून राहिले जी? पीठ तं साऱ्याईच्या घरी सारखंच असते. भाकर माह्यासारखी कोण थापते, सांगा बरं?" तेव्हा काकांच्या तोंडात बहुधा तीच भाकर असे.

गेल्या वर्षी काकू गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. त्यानंतर नवी बाटली आली नाही. काका गाडी धूत, पण बॉनेटपाशी आले की फडकं त्या स्वस्तिकाच्या कडेकडेनं फिरवत. मी ते रोज बघायचो. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाला, प्रशांतला, ते कुठून दिसणार?

दसऱ्याला प्रशांत आला. वडिलांना खूश करायचं म्हणून त्यानं सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी पांढुर्ण्याला एका कारागिराकडे नेली. कारागीर खरोखरच हुशार निघाला. डाग साफ, वर काचेसारखं कोटिंग. "बाबा, आता हिच्यावर कशाचाच डाग बसणार नाही," प्रशांतनं अभिमानानं सांगितलं. काका बॉनेटकडे बघत राहिले. त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा लख्ख दिसत होता.

"आपला बोगस मालच बरा होता, मास्तर," ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले.

प्रशांत परत गेल्यावर एका सकाळी काका देवघरातली काकूंची कुंकवाची डबी घेऊन गाडीपाशी दिसले. तेलात कालवलेलं कुंकू, बोटानं काढलेलं स्वस्तिक, डावी भुजा बरोबर तेवढीच लांब. गाडी उन्हात लावली. काही दिवसांनी फडकं फिरवलं, तर सगळं अलगद निघून आलं. पुन्हा काढलं, पुन्हा निघालं. शेवटी त्यांनी मला हाक मारली. हा त्या कोटिंगचा प्रताप आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं.

"डबी तिचीच आहे मास्तर, तेलही तेच," बोटावरचं कुंकू पुसत काका म्हणाले. "हात नाही."