अर्ध्या पगारात विकत घेतलेली वर्षे

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला, भोपाळपासून तुटून रायपूरचे नवे राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. नोटिशीची मुदत संपली, त्याच पावसाळ्यात. फाइल भोपाळला गेली पोळ्याच्या सुमारास, परतली होळीनंतर, पुन्हा गेली. जबाबदार: आस्थापना शाखेचे अधीक्षक, त्यांच्यावरचे उपसचिव, आणि सही टाळणारे दोन्ही राजधान्यांतले सचिव. अर्जदार: रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले माझे शेजारी, अर्धेभाऊ.

हे त्यांचे आडनाव नव्हे. सरकारी भांडारातला हा कारकून पहिल्या पगारापासून अर्ध्यातच जगला, उरलेले अर्धे पोस्टात टाकत गेला. पगार वाढला की मोहल्ल्यात इतरांकडे स्कूटर येई; भाऊंची सायकल तीच राही. मी विधी शाखेत होतो, माझा पगार मोठा. तरी ते मलाच सुनावत, "साहेब, तुम्ही दहावा हिस्सा ठेवता. नऊ वर्षं राबान, तवा एक वर्ष मोकळं भेटन. मी एक वर्ष राबतो, एक वर्ष विकत घेतो."

वहिनी आतून विचारत, "अन् त्या मोकळ्या वर्षात मी नेसू काय, पासबुकं?"

"दिवाळीले घेतलं ना लुगडं!"

"कोणत्या दिवाळीले, ते सांगा ना साहेबांले!"

हे सारे कशासाठी, असे मी एकदा विचारले. "सकाळी अकराले घरी बसाचं आहे. कोणाले न विचारता."

पन्नाशीपर्यंत तेवढे जमले. त्यांनी अर्ज दिला. अधीक्षक म्हणाले, "भैया, आप किस राज्य के कर्मचारी हैं, यही तय नहीं है." दोन राज्यांत कर्मचाऱ्यांची वाटणी व्हायची होती. भोपाळ रायपूरकडे बोट दाखवी, रायपूर भोपाळकडे.

मी नियम काढून दाखवला: मुदतीत नकार आला नाही, तर निवृत्ती आपोआप लागू होते. "उद्यापासून जाऊ नका," मी म्हणालो.

"चार्ज कोणाले देऊ? भांडार उघडं टाकून पळाला म्हणतीन."

पेन्शन अडली असती तरी त्यांचे अडणार नव्हते. त्यासाठीच तर अर्धे बाजूला काढले होते. पण चार्ज घ्यायला कोणी आले नाही, आणि किल्ल्या टेबलावर ठेवून उठणे त्यांच्याने झाले नाही. ते जात राहिले. मी पत्रे लिहीत राहिलो. पोच येई, उत्तर येत नसे.

चौथ्या उन्हाळ्यात, भर कामाच्या वेळी, भांडारातच ते गेले. मी स्मशानात उभा राहिलो, घरी आलो, जेवलो. काही वाटले नाही. अजूनही वाटत नाही. ती विकत घेतलेली वर्षे आता वहिनी एकट्या खर्च करतात.

कार्यालयाच्या शोकपत्रात 'सेवेत असताना निधन' असे लिहिले होते. ते वाचून वहिनींनी मला विचारले, "मुदत संपल्यावर हे नोकर होते की नव्हते?"

कायद्याचे उत्तर मला ठाऊक आहे. ते देणे माझे काम नाही. विद्यमान सचिवांनी ते वर्तमानपत्रातून, स्वतःच्या नावानिशी द्यावे: मुदत संपल्यानंतर या माणसाला तुम्ही कोणत्या अधिकाराने कामावर बसवून ठेवले?