खालच्या ताईंचं छत

सिंदी मेघेतल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये मी पहिल्या मजल्यावर राहतो. माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त नर्स एकट्याच राहायच्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे.

"भाऊ, तुमच्या बाथरूमचं पाणी माह्या सैपाकखोलीत झिरपून राह्यलं," त्या पहिल्यांदा सांगायला आल्या, तेव्हा मी नुसतं "बघतो" म्हणालो. मुलीच्या लग्नात बाथरूमला नव्या टाइल्स बसवल्या होत्या. पाइप बघायचा तर त्या फोडाव्या लागणार होत्या.

त्या पुन्हा आल्या. एकदा मला खाली नेऊन दाखवलं. ओट्याजवळची फरशी चार बोटं खचली होती, कोपऱ्यातल्या खांबाशी भिंत तडकली होती. मी म्हणालो, "ताई, काळी माती आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळ्यांचीच घरं तडकतात." ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला ते सोयीचं पडलं.

एप्रिलमधल्या एका सकाळी मी दाढी करत होतो. खालून धप्पकन आवाज आला. धावत गेलो तर चौकट सरकल्यानं त्यांचं दार अडकलेलं. शेजारचा एक मुलगा आणि मी, दोघांनी लाथा घालून ते उघडलं. ताई ओट्याला टेकून बसल्या होत्या, सिमेंटच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या. डावा खांदा लोंबत होता.

"खांदा हालवू नका," त्याच आम्हाला सांगत होत्या. "पयले पदरानं बांधा."

वर स्लॅबचा तुकडा कोसळून गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या आणि त्यांवरून पाणी ठिबकत होतं. मी नळ सुरूच ठेवून आलो होतो.

मग मात्र सगळ्यांनी घाई केली. वडनेरच्या मिस्त्रीनं स्लॅबला लोखंडी टेकू लावले आणि खांबाशी खड्डा खणला. आतून ओल्या मातीचा गोळा काढून त्यानं माझ्यासमोर धरला. "भर उनात इथं चिखल हाय, साहेब. वरच्या पाण्यानं पाया बसला."

माझ्या टाइल्स फुटल्या. पाइपचा सांधा निखळलेला होता. पाया रुंद करून नवं काँक्रीट भरलं, सळयांचा गंज खरवडला, फरशी समपातळीत आणली. दोन महिने लागले.

काम झाल्याचं सांगायला मी अल्लीपूरला त्यांच्या भावाकडे गेलो. ताई टिनाच्या पडवीत बसल्या होत्या. हाड जुळलं होतं, पण हात खांद्याच्या वर जात नव्हता.

"ताई, पाणी माझ्याच बाथरूमचं होतं."

"मी तेच तर सांगत होती, भाऊ. चारदा आलती."

त्यांनी वहिनीला चहा ठेवायला सांगितलं. परतायचं विचारलं तर म्हणाल्या, "नाई. स्लॅबखाली आता डोळा लागत नाई मले."

पुढच्या महिन्यात त्यांचा भाचा टेम्पो घेऊन आला. सामान चढवायला मी हात लावला, तर तो म्हणाला, "राहू द्या, काका."