जानेवारीत खुडलेले शेंडे

शेतीतलं मला कळतं, हे मी कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकते. माझं माहेर अकोल्याजवळचं. वडील शाळेत शिक्षक, पण सोबत चार एकर होतं, आणि हिवाळ्यात त्यात हरभरा असायचा. त्याचे शेंडे खुडायचं काम आम्हा भावंडांकडे. नवरा पुण्याचा, कुंडीतल्या तुळशीलाही पाणी घालून घालून मारणारा. त्यामुळे या विषयावर माझ्याशी वाद घालायची घरात कुणाची टाप नाही. आयर्लंडला येऊन नऊ वर्षं झाली. ऑफिस क्लोनडॉकिनला, घर ड्रोहेडाला. घरामागच्या पट्टीत मी पहिल्याच वर्षी मेथी आणि बटाटे काढून दाखवले होते. म्हणून शेजारच्या बाईंनी त्यांचं बियाणं माझ्या हाती दिलं तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही. मला वाटलं, अगदी योग्य माणूस निवडला.

त्यांना मी मनात ‘बाई’च म्हणते, कारण त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि तशाच बोलतात. वय ब्याऐंशी. एकट्या राहतात, मुलगा ऑस्ट्रेलियात. ऑक्टोबरच्या अखेरीस परसातल्या शेवाळलेल्या फरशीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलमधून मला फोन. मला वाटलं, कपडे हवे असतील. त्या म्हणाल्या, “स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, दुसऱ्या फळीवर, चहाच्या डब्यामागे एक जॅमची बाटली आहे. ती घे आणि इकडे ये.” प्रेस म्हणजे इथलं कपाट.

बाटलीत ब्रॉड बीनचे बत्तीस दाणे होते. ब्रॉड बीन म्हणजे आपल्या वालाचा जाडजूड चुलतभाऊ म्हणा. इथे तो नोव्हेंबरात पेरतात, रोपं थंडीत वीतभर होऊन तशीच थांबतात आणि वसंतात उठतात. बाईंचं हे बियाणं त्यांच्या आईच्या शेतावरचं. दरवर्षी पेरायचं, दरवर्षी राखायचं, दुकानातून कधी आणलं नाही. पण गेला उन्हाळा सगळा पावसात गेला, शेंगा झाडावरच कुजल्या आणि उरले ते एवढेच.

“दुसऱ्या कुणाकडे नाहीत?” मी विचारलं.

“बहिणीकडे होते. ती गेली, शेत विकलं गेलं. आता हेच. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, उशीर करू नकोस.”

“तुम्ही काळजीच करू नका,” मी म्हटलं. “मी शेतकऱ्याची मुलगी आहे.”

प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणाऱ्या मुलीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण बाटली परत मागितली नाही.

पेरणी मी चोख केली, हे आजही छाती ठोकून सांगते. माझ्याच वाफ्यात, दोन-दोन ओळी, वीतभर अंतर, दोन पेरं खोल. वर उंदरांसाठी बारीक जाळी, वाऱ्याकडच्या बाजूला काठ्या आणि सुतळी. तरी तीन दाणे उंदरांनी उकरून नेलेच. एकोणतीस उगवले. दर बुधवारी आणि रविवारी मी बाईंना भेटायला जायचे, आधी हॉस्पिटलमध्ये आणि मग त्यांना जिथे हिवाळाभर ठेवलं होतं त्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये. गेल्या गेल्या त्या हात पुढे करायच्या, फोटोसाठी. फोटो दोन बोटांनी मोठा करून एकेक रोप बघायच्या आणि म्हणायच्या, “ग्रँड.” त्यांच्याकडून ‘ग्रँड’ मिळवणं सोपं नाही, आणि मला ते आठवड्यातून दोनदा मिळत होतं. मी हवेत होते.

जानेवारीत चार दिवस उघाड पडली. एके दिवशी घरूनच काम करत होते, तेव्हा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी वाफ्यापाशी गेले. निळसर हिरवी, टवटवीत रोपं, पण प्रत्येकाला एकच खोड. माझे हात शिवशिवले. हरभरा एवढा झाला की आम्ही शेंडा खुडायचो; खुडला की फांद्या फुटतात, फांद्या फुटल्या की घाटे वाढतात. हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी एका दमात एकोणतीसच्या एकोणतीस शेंडे खुडले. वाडगाभर निघाले. लसूण आणि लाल मिरचीची फोडणी देऊन भाजी केली, भाकऱ्या थापल्या. नवऱ्याने दोनदा मागून घेतली.

शाळेतून आलेली लेक खिडकीशी उभी राहिली आणि तिच्या त्या ड्रोहेडाच्या हेलात म्हणाली, “मॅम, व्हेअर आर देअर हेड्स?” (इथे आईला मॅम म्हणतात.) मग फोनमध्ये बघून तिनेच सांगितलं की हे शेंडे फुलं आल्यावर खुडतात, मे महिन्यात. मी म्हटलं, फोनला काय कळतंय.

त्यानंतर तीन दिवस पाऊस लागला आणि चौथ्या दिवशी कडाक्याची थंडी पडून दव गोठलं. हरभऱ्याचं खोड भरीव असतं. याचं पोकळ असतं, नळीसारखं. खुडलेल्या तोंडातून पाणी आत गेलं, तिथेच गोठलं, आणि आठवड्याभरात टोकं काळी पडत खाली उतरायला लागली. एका सकाळी मी एका रोपाला हात लावला तर ते बुडापर्यंत मऊ लागलं. हे माझं बियाणं असतं तर मी चारचौघांत हसून सांगितलं असतं. माझं नव्हतं, आणि जगात दुसरीकडे कुठे नव्हतं.

त्या बुधवारी मी ऑफिसचं काम सांगून गेले नाही. रविवारी गेले. बाईंनी हात पुढे केला. माझ्या फोनमध्ये डिसेंबरचा एक चांगला फोटो होता, आणि खोटं कशाला बोलू, माझं बोट त्यावर गेलं होतं. मग मी फोन पर्समध्ये टाकला आणि सगळं सांगितलं.

“सगळ्यांचे?” त्यांनी विचारलं.

“सगळ्यांचे.”

“थोडे तरी ठेवायचे होतेस.”

कुठल्याही शहाण्या माणसाने आधी दोन रोपांवर करून बघितलं असतं.

“आता जा,” त्या म्हणाल्या.

बुधवारी मी परत गेले. नको म्हटल्यावर घरी बसणाऱ्यातली मी नाही. त्या खिडकीकडे तोंड करून होत्या. मी खुर्चीवर बसून सांगितलं की नऊ गेली, बाकीची धरून आहेत. दहा मिनिटांनी उठले. रविवारी सांगितलं, अकरा गेली. खिडकीकडे बघतच त्यांनी विचारलं, “शेंड्यांचं काय केलंस?”

“भाजी केली.”

“खाल्लीत?”

“हो.”

“कशी झाली होती?”

“फार छान झाली होती,” मी म्हटलं, कारण झाली होती.

त्यांनी डोळे मिटले. खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून मी मात्र रडले. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

फेब्रुवारीभर मी वाफ्याकडे रोज जात होते आणि कशालाही हात लावत नव्हते. मार्चच्या सुरुवातीला एका मेलेल्या खोडाच्या बुडाशी, मातीला लागून, हिरवा ठिपका दिसला. गुडघे टेकून बघितलं तर शेजारी आणखी एक. त्या आठवड्यात उरलेल्या अठराही रोपांना बुडातून फूट आली, कुणाला दोन, कुणाला चार. रविवारपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. मी तिथूनच बाईंना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, “हातही लावू नकोस.”

एप्रिलमध्ये त्या वॉकर घेऊन घरी परतल्या. पायऱ्या उतरणं जमत नव्हतं, म्हणून मागच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि कुंपणावरून माझ्या वाफ्यावर नजर ठेवायच्या. मे महिन्यात पांढऱ्या-काळ्या फुलांचा घमघमाट सुटला आणि पाठोपाठ कोवळ्या टोकांवर काळा मावा आला. दारातून हुकूम आला, “आता खुड.” मी प्रत्येक शेंड्याला हात लावण्याआधी वळून दाराकडे बघत होते, आणि त्या प्रत्येक वेळी मान हलवत होत्या. नवऱ्याने हे खिडकीतून बघितलं. लग्नाला सोळा वर्षं झाली, म्हणाला, असा मान मला एकदाही मिळाला नाही.

त्या उन्हाळ्यात एकही दाणा कुणी खाल्ला नाही. ऑगस्टमध्ये शेंगा काळ्या खडखडीत झाल्यावर आम्ही दोघींनी त्यांच्या टेबलावर बसून सोलल्या. तीन बाटल्या भरल्या. एक त्यांनी ठेवली, एक मला दिली, एक गॉलवेच्या भाचीकडे पाठवली. सगळं एका घरात ठेवायचं नाही, हे त्यांनी स्वतःलाच बजावल्यासारखं म्हटलं. आमच्या ऑफिसात आम्ही हेच दिवसभर करतो, लोकांच्या डेटाच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो; पण ते न सांगता मी माझ्या बाटलीचं झाकण लावलं.

नोव्हेंबरात पेरणीला मी त्यांना धरून धरून माझ्या वाफ्यापर्यंत आणलं. स्वयंपाकघरातली खुर्ची गवतावर ठेवली. त्या कोट घालून बसल्या, बाटली मांडीवर; मी खाली, काठीने भोकं पाडत. त्या एकेक दाणा माझ्या हातावर ठेवायच्या. तीन ओळी झाल्या. चौथी सुरू करताना त्या म्हणाल्या, “या ओळीचे शेंडे जानेवारीत खुडायचे.”

मला वाटलं, चिडवतायत. वर बघितलं तर तसं काही नव्हतं.

“नको बाई,” मी म्हटलं. “ते मी पुन्हा करणार नाही. अकरा रोपं मेली.”

“आणि अठरा रोपांनी तीन बाटल्या दिल्या. मला बत्तीस रोपांमध्ये कधी दोनच्या वर मिळाल्या नाहीत.”

“हे तुमच्या आईचं बियाणं आहे.”

“म्हणूनच एकच ओळ. आईनं सांगितलं तसंच मी साठ वर्षं पेरत आले. दुसरं काही करून बघावं असं मला एकदाही सुचलं नाही.” त्यांनी बाटलीत हात घातला. “उघाड पडली की मला इथे आणून बसव. तू नाही खुडायचेस. मी खुडणार.”

मी पुढचं भोक पाडलं आणि दाण्यासाठी हात वर केला.